मोटारीचा सातबारा

बारामती-इंदापूर भागात एखाद्या वाड्याच्या पडवीत किंवा मळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये जुनी विलायती मोटार दिसली, की तिच्याबद्दलचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "ही राजाची गाडी!" कुठला राजा, असं विचारलं की मात्र घरातच मतभेद होतात. थोरला भाऊ फलटणचं नाव घेतो, धाकटा भोरचं. आतून आजी सांगते, राजाबिजा काही नाही, कालव्यावरच्या गोऱ्या साहेबाची होती. गाडी एक आणि मूळ मालक तीन. असल्या गाडीचा खरा मालकी-इतिहास कसा शोधायचा, यावर आज थोडं बोलायचं आहे.

मी काही मोटारींतला जाणकार नव्हे. बी. ए. झालो, मराठीत कविता लिहितो. पण माझे अब्बा मोटार मिस्त्री होते. पुणे-सोलापूर रस्त्यावर इंदापुरात त्यांचं गॅरेज होतं. गॅरेज गेलं, अब्बाही गेले, पण त्यांच्या लाल कापडी बांधणीच्या हिशेबाच्या वह्या माझ्याकडे राहिल्या. कोणाची गाडी आली, काय काम केलं, किती पैसे आले, किती उधार राहिले, हे सगळं त्यांत मराठीत लिहिलेलं. गाड्यांची नावं ऐकली तशी: आष्टीन, मोरीस, हिलमन, व्हाक्सल. या वह्यांचा बोभाटा झाला आणि लोक जुन्या गाड्यांची चौकशी घेऊन माझ्याकडे येऊ लागले. त्यांच्या शंका सोडवता सोडवता मला या विषयाची गोडी लागली.

पहिला प्रश्न असा, की हा इतिहास हवा कशाला? गाडी आपल्या दारात आहे, म्हणजे आपलीच. पण तेवढ्यानं भागत नाही. केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीसाठी मोटार वाहन नियमांत स्वतंत्र तरतूद केली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी, खासगी वापराची दुचाकी वा चारचाकी, जिची चासी, बॉडी आणि इंजिन यांत फारसा फेरबदल झालेला नाही, तिला व्हिंटेज म्हणून नोंदवता येतं. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, फेरनोंदणीला पाच हजार, आणि प्रमाणपत्र दहा वर्षांचं. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा भाड्यानं चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं अशा कामांपुरतीच ती रस्त्यावर आणायची. नव्यानं नोंदलेल्या गाडीच्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' ही अक्षरं येतात. आधीची नोंदणी असेल तर जुना क्रमांक ठेवता येतो, पण त्यासाठी जुनं आरसी बुक पुढं करावं लागतं. आणि नेमकं तिथंच घोडं अडतं. आरसी बुकावर नाव एकाचं, गाडी दुसऱ्याच्या शेडमध्ये, आणि मधले व्यवहार तोंडी.

शिवाय किमतीचाही प्रश्न आहे. कागद नसलेली गाडी भंगाराच्या भावानं मागतात, आणि कागदांची साखळी अखंड असलेल्या तशाच गाडीला शौकीन मनासारखा पैसा मोजतो. भावाभावांची वाटणी होताना शेडमधली ही अडगळ एकाएकी इस्टेट ठरते, आणि मग "आजोबांनी ती घेतली कोणाकडून?" या प्रश्नाला धार येते.

आता या गाड्या आपल्या भागात आल्या कशा, ते पाहू. नीरेच्या डाव्या कालव्याचं पाणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या दुष्काळी पट्ट्यात आलं. ऊस आला, गुऱ्हाळं आली, बारामतीची गुळाची पेठ भरली. १९३०च्या दशकात इंदापूर तालुक्यात शेठ वालचंद हिराचंद यांनी साखर कारखाना उभा केला आणि वालचंदनगर वसलं. पैसा आला तशा मोटारीही आल्या. कालव्याचे अधिकारी, कारखान्याचे इंजिनिअर, डॉक्टर, वकील, आडतदार, बडे बागायतदार, हे त्या मोटारींचे मालक. नीरा ओलांडली की फलटण संस्थान, वरच्या अंगाला भोर संस्थान. तिथंही मोटारी होत्याच. त्यामुळे राजाची गोष्ट अगदीच अशक्य नसते. पण संस्थानिकांच्या मानानं डॉक्टर आणि आडतदार संख्येनं कितीतरी जास्त होते, हे विसरू नये.

त्या काळात इंग्रजी गाड्यांत ऑस्टिन आणि मॉरिस ही नावं सर्वतोमुखी होती. मॉरिस कंपनीचा संस्थापक विल्यम मॉरिस हा ऑक्सफर्डमधला सायकल दुरुस्तीवाला. पुढं तो लॉर्ड नफिल्ड झाला. त्याच्या कंपनीनं १९३४च्या उत्तरार्धात 'मॉरिस एट' ही छोटी गाडी बाजारात आणली. ९१८ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन. इंग्लंडात तिच्या सर्वांत स्वस्त दोन आसनी नमुन्याची किंमत ११८ पौंड होती. तेव्हा पौंडाला सव्वातेरा रुपयांहून थोडे अधिक पडत, म्हणजे तिथल्या भावानं दीड हजारांच्या वर. वर जहाजाचं भाडं आणि जकात. सोनं तोळ्याला तीस-पस्तीस रुपयांच्या आसपास होतं, त्या काळातला हा आकडा आहे. मोटार घेणारा माणूस गावात सगळ्यांना ठाऊक असायचा तो यामुळेच.

स्वातंत्र्यानंतर तयार मोटारींच्या आयातीवर निर्बंध येत गेले आणि १९५०च्या दशकात ती जवळपास थांबली. देशात मोटारी बनवणाऱ्या कारखान्यांना सरकारनं पाठबळ दिलं. त्यांतला एक, कुर्ल्याचा प्रीमियर ऑटोमोबाईल्स, १९४४ साली स्थापन केला तो वालचंद शेठजींनीच. त्याचं सुरुवातीचं सहकार्य अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी होतं, पुढं इटलीच्या फियाटशी. इंग्रजी वाण टिकलं ते हिंदुस्थान मोटर्सकडे. आपली अ‍ॅम्बॅसॅडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्डचीच लेक, आणि ती २०१४ पर्यंत बनत होती. आयात थांबल्यानं एक झालं. आहे ती विलायती गाडी दुरुस्त करत करत वापरायची, आणि ती या हातातून त्या हातात जाऊ द्यायची. म्हणून आपल्याकडच्या एकेका गाडीला पाच-पाच, सात-सात मालक झालेले दिसतात.

हा शोध समजायला आपल्याला एक चांगली उपमा हाताशी आहे: सातबारा. शेतकऱ्याला सांगावं लागत नाही, की जमिनीचा इतिहास आजच्या उताऱ्यावरून मागं मागं जात शोधायचा. उताऱ्यावर फेरफार क्रमांक असतो. तो फेरफार काढला की आधीचा मालक कळतो, आणि गाडी विकत घेतलीय की वारसानं आलीय तेही कळतं, जसं जमिनीचं कळतं. मोटारीचं आरसी बुक हा तिचा सातबारा. त्यावरची मालकी बदलाची नोंद हा फेरफार. आणि ज्याप्रमाणे एकत्रीकरणात जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, त्याप्रमाणे मोटारीची नंबर प्लेटही बदलू शकते. गाडी एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात गेली, संस्थानातून मुंबई इलाख्यात आली, की नवा नंबर. बदलत नाही तो चासी नंबर. तो बांधावरच्या दगडासारखा. म्हणून शोधाची सुरुवात प्लेटवरून नव्हे, चासी नंबरावरून करायची.

हा नंबर कारखान्यातच पडतो. बहुतेक इंग्रजी गाड्यांत बॉनेट उघडलं की इंजिनाच्या मागच्या पत्र्यावर एक छोटी धातूची पट्टी असते, तिच्यावर तो कोरलेला असतो. काही गाड्यांत खुद्द चासीच्या पट्टीवरही ठोकलेला असतो. त्यावर रंगाचे, काजळीचे थर चढलेले असतात. ते रॉकेलच्या बोळ्यानं हलकेच पुसावेत. तारेच्या ब्रशनं किंवा पॉलिश पेपरनं घासलं तर आकडेच जातात, आणि खाडाखोड झालेला नंबर म्हणजे संशयाला आमंत्रण. चासी नंबराच्या आधी काही अक्षरं असतात, ती गाडीची मालिका सांगतात.

त्यानंतर लोखंड वाचायचं. ल्युकास कंपनीच्या डायनॅमोवर, दिव्यांवर बहुधा महिना आणि वर्ष ठोकलेलं सापडतं. ट्रिप्लेक्सच्या काचेच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत खूण असते, तिच्यातल्या ठिपक्यांवरून काच केव्हाची ते जाणकार सांगतात. मॉरिस एटच्या पहिल्या मालिकेला तारांची चाकं होती, १९३७च्या सुमारास दुसरी मालिका आली तिला पत्र्याची. यांतला कुठलाही एक पुरावा पुरेसा नसतो, कारण डायनॅमो बदलतो, काच फुटते, चाकं दुसऱ्या गाडीची बसतात. पण चार गोष्टी एकाच सालाकडे बोट दाखवू लागल्या, की ते साल धरून चालायला हरकत नाही.

मग कागद. आपल्याकडे मोटारींबद्दलचा पहिला अखिल भारतीय कायदा १९१४चा. त्यानं नोंदणीचे तपशील प्रांतांवर सोपवले. १९३९चा कायदा आला आणि क्रमांकांना प्रांतवार अक्षरं मिळाली. मुंबई इलाख्याच्या वाट्याला 'बीएम', 'बीवाय' अशी अक्षरं आली. १९६० नंतर महाराष्ट्रात 'एम'नं सुरू होणाऱ्या मालिका दिसू लागल्या. आजची पद्धत १९८८च्या कायद्यानंतरची. त्या कायद्याची अंमलबजावणी १ जुलै १९८९ पासून झाली, आणि एमएच-१२ म्हणजे पुणे, एमएच-१३ म्हणजे सोलापूर हे आपल्या अंगवळणी पडलं. पुढं बारामतीला स्वतःचं कार्यालय आणि एमएच-४२ हा क्रमांक मिळाला. तेव्हा शेडमधल्या गाडीची प्लेट नुसती वाचली, तरी तिची नोंद साधारण कुठल्या काळातली ते उमगतं. संस्थानी गाडी असेल तर आणखी एक खूण पाहायची. दक्षिणेतली संस्थानं ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाली. तिथल्या गाड्यांना त्यानंतर प्रांताचा नंबर घ्यावा लागला. म्हणजे प्लेटवर १९४०-४१ सालचा मुंबई इलाख्याचा नंबर असेल, तर तेव्हा ती गाडी संस्थानाच्या दफ्तरी नव्हती, एवढं तरी नक्की.

आता प्रत्यक्षात हा शोध कसा चालतो, ते एका गाडीवरून सांगतो. इंदापूर तालुक्यातल्या एका बागायतदार कुटुंबाच्या शेडमध्ये मॉरिस एट उभी आहे. घरात तीन भाऊ. वाटणीचं बोलणं चाललेलं. मुंबईचा एक दलाल गाडी पाहून गेला, पण कागद मागितले आणि आकडा एकदम खाली आणला. तेव्हा थोरल्या भावाचा मुलगा माझ्याकडे आला. म्हणाला, "चाचा, आमची १९३२ची राजाची गाडी आहे. आजोबांनी फलटणहून आणलेली. तुमच्या वह्यांत काही सापडतंय का बघा."

पहिल्यांदा १९३२ हे साल गळालं. ज्या नमुन्याची गाडी १९३४च्या उत्तरार्धात बाजारात आली, ती १९३२ची असणार कशी? तारांची चाकं पहिल्या मालिकेची. डायनॅमोवर ३६चा आकडा. मग घरातला लोखंडी पेटारा उघडला. त्यात आरसी बुक मिळालं, वाळवीनं कडा खाल्लेलं, पण वाचता येण्याजोगं. बांधणीचं वर्ष १९३६. चासी नंबर पट्टीवरच्या नंबराशी जुळला. मालकाच्या रकान्यात मात्र ना राजा, ना आजोबा. तिथं बारामतीच्या एका डॉक्टरांचं नाव. त्यानंतरची पानं कोरी. आणखी एक घोळ होता: बुकातला इंजिन नंबर आणि गाडीतल्या इंजिनावरचा नंबर जुळत नव्हते.

इथं अब्बांच्या वह्या कामी आल्या. आम्ही गाडीचा नंबर धरून पानं उलटत गेलो. १९५७ साली "डॉक्टर, बारामती, मोरीस, ब्रेक लायनर" अशी नोंद. १९५९मध्ये तोच नंबर, पण नाव एका आडतवाल्या शेठजींचं. १९६२ पासून पुढं याच मुलाच्या आजोबांचं. आणि १९६३च्या पावसाळ्यातली एक नोंद: "इंजिन बदली, दुसऱ्या मोरीसचं पुण्याहून आणलं, जुनं परत दिलं." नंबर न जुळण्याचं कारण त्या एका ओळीत होतं. अब्बांनी ती ओळ इतिहासासाठी लिहिली नव्हती. इंजिन आणायला टेम्पोचे जे पैसे गेले, ते शेवटपर्यंत उधार राहिले, म्हणून लिहिली होती.

मधल्या काळात व्यवहार कसे होत, तेही यावरून कळतं. गाडी द्यायची, पैसे घ्यायचे, साध्या कागदावर दोन ओळी, फार तर तिकिटावर सही. पुण्याला जाऊन नाव कोण लावणार? कायद्यानं ते बंधनकारक तेव्हाही होतं. पण पुण्याला हेलपाटे घालण्यापेक्षा आरसी बुक खिशात असलं म्हणजे झालं, अशी समजूत होती. जमिनीच्या बाबतीत असं कोणी करत नसे. गाडीला मात्र लोक बैलजोडीसारखं समजत. बाजारात हात मिळवला, दावं हातात आलं, झाला सौदा.

पुढं त्या डॉक्टरांच्या घरच्यांचा शोध घेतला. त्यांची नात पुण्यात राहते. तिच्याकडे कागदांच्या फडताळात मुंबईच्या विक्रेत्याची १९३६ची पावती जपलेली निघाली. गाडी नवीकोरी घेतलेली. फलटणचा संबंध एवढाच, की डॉक्टर त्या गाडीतून तिथं रोगी पाहायला जात. एवढ्यावरून पुढच्या दोन पिढ्यांत गाडी राजाची झाली. मुलाचा चेहरा उतरला. "राजा गेला म्हणजे किंमतही गेली की, चाचा!" मी म्हटलं, "अरे, बिनकागदाच्या राजापेक्षा पावतीवाला डॉक्टर बरा." ते खरंही आहे. संस्थानाचं नाव सांगणाऱ्या गाड्या पुष्कळ भेटतात. पहिल्या पावतीपासूनची साखळी हातात असलेली गाडी क्वचित.

युद्धकाळातल्या कागदांचाही इथं उल्लेख केला पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग होतं. गाडीमागे कुपनं मिळत. कित्येकांनी गाडीला कोळशावरचा गॅस प्लँट बसवला, कित्येकांनी गाडी ठोकळ्यांवर चढवून ठेवली. अशी कुपनं, मोटार टॅक्सच्या पावत्या, काचेवर लावायच्या टॅक्सच्या गोल चकत्या, विम्याचे कागद, यांतलं काहीही हाती लागलं तर त्यावर गाडीचा नंबर, साल आणि बहुधा मालकाचं नाव असतं. लग्नातले फोटोही सोडू नयेत. नवरदेव गाडीत बसलेला असतो, मागं प्लेट दिसत असते, आणि लग्नाची तारीख घरात सगळ्यांना पाठ असते. एवढा भक्कम पुरावा दुसरा नाही.

इंग्लंडात हे काम थोडं सोपं आहे. तिथं १ जानेवारी १९०४ पासून मोटारींची नोंदणी सक्तीची झाली. १९२१ पासून प्रत्येक गाडीला लॉगबुक आलं, त्यात मालक बदलला की नवं नाव नोंदलं जाई. नोंदी प्रत्येक कौंटी ठेवी. १९७०च्या दशकात सगळं काम वेल्समधल्या स्वॉन्सी इथं एकवटलं. तेव्हा जुनी रजिस्टरं काही ठिकाणी दफ्तरखान्यांत गेली, काही ठिकाणी नष्ट केली गेली. मॉरिस, ऑस्टिन वगैरे कंपन्यांच्या कारखान्यातल्या नोंदवह्या वॉरिकशर परगण्यातल्या गेडन इथल्या ब्रिटिश मोटर म्युझियममध्ये आहेत. चासी नंबर कळवला आणि त्या काळाची वही शिल्लक असली, तर गाडी कधी तयार झाली, रंग कोणता होता, कुठं पाठवली, याचा दाखला ते फी घेऊन देतात. सगळ्याच वर्षांच्या वह्या उरलेल्या नाहीत. रोल्स-रॉइसची गोष्ट निराळी. त्या कंपनीनं प्रत्येक चासीचं स्वतंत्र कार्ड ठेवलं, म्हणून संस्थानिकांच्या रोल्स-रॉइस गाड्यांचा माग आज इतका तपशीलवार लागतो. १९०७ची प्रसिद्ध 'सिल्व्हर घोस्ट' गाडी कंपनीनं १९०८मध्ये एका ग्राहकाला विकली आणि १९४८मध्ये परत मिळवली, हे कागदावर स्वच्छ दिसतं.

आपल्या देशातल्या विलायती गाडीचं मजेदार उदाहरण म्हणजे हंसाच्या आकाराची 'ब्रुक स्वॉन कार'. कलकत्त्यात राहणाऱ्या रॉबर्ट निकोल मॅथ्यूसन या इंग्रजानं ती इंग्लंडातल्या लोवस्टॉफ्टच्या ब्रुक कंपनीकडून १९१०च्या सुमारास बनवून घेतली. तिच्यामुळे कलकत्त्याच्या रस्त्यांवर एवढा गोंधळ उडाला, की पोलिसांना मध्ये पडावं लागलं. मग ती पंजाबातल्या नाभा संस्थानच्या महाराजांकडे गेली, आणि १९९१ पासून नेदरलँड्समधल्या लाऊमन संग्रहालयात आहे. या गाडीची गंमत अशी, की इथं राजा खरोखर होता. पण तो पहिला मालक नव्हता.

पुन्हा आपल्या मॉरिसकडे येऊ. इतिहास कळला म्हणजे मालकी झाली असं नाही. अब्बांची वही रस्ता दाखवते, पण परिवहन कार्यालयात ती मालकीचा पुरावा ठरत नाही. कागदावर अजून डॉक्टरच मालक आहेत. मालक मयत असेल तर आधी त्याच्या वारसांचा हक्क. वारसानं नाव लावायला ३१ क्रमांकाचा अर्ज असतो. विक्रीनं मालकी द्यायची तर २९ आणि ३० क्रमांकाचे. त्यासोबत प्रतिज्ञापत्रं, इतर वारसांची संमती, आणि अधिकारी मागतील ते. जुन्या गाडीची नोंद संगणकात नसते, ती आधी चढवून घ्यावी लागते. इंजिन बदलल्याचंही सांगावं लागतं. लपवून काही होत नाही, कारण तपासणीच्या वेळी नंबर पाहिले जातातच. या मुलानं सगळं रीतसर करायचं ठरवलं. डॉक्टरांचे वारस तीन. नातीनं आणि तिच्या भावानं सह्या दिल्या, पैशाची अपेक्षा ठेवली नाही. तिसरे परदेशात आहेत, त्यांच्या सहीची वाट पाहणं चालू आहे. तोवर दलालाला घरच्यांनी नको म्हणून सांगितलं आहे. वाटणीच्या कागदात मोटार तिघांची सामाईक लिहिली आहे.

या सगळ्या खटाटोपात एक गोष्ट माझ्या मनात राहिली. आरसी बुकात मालकाचं नाव असतं. गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरचं नसतं, पहाटे हँडल मारणाऱ्या क्लीनरचं नसतं, फाटलेलं हूड शिवणाऱ्याचं किंवा मडगार्ड ठोकून सरळ करणाऱ्याचंही नसतं. आयात बंद झाल्यावर सुटे भाग मिळेनात, तेव्हा लेथवर भाग बनवून, दुसऱ्या गाडीचे जुळवून या मंडळींनी या गाड्या चालत्या ठेवल्या. आमच्या गावात ही कामं करणाऱ्यांत आमच्या मोहल्ल्यातले होते, लोहार-सुतार होते, दलित वस्तीतली पोरंही होती. गाडीचा खरा ठावठिकाणा बहुतेक वेळा मालकाच्या घरात नव्हे, यांच्या घरात सापडतो. म्हणून शोध घेणाऱ्यानं जुन्या ड्रायव्हरचा, मिस्त्रीचा पत्ता आधी विचारावा. उजनीच्या जलाशयानं आमच्या तालुक्यातली गावं उठली, माणसं नव्या गावठाणांत पांगली, तरी कोण कुठं गेलं हे सांगणारे म्हातारे अजून आहेत. त्यांना गाडीचा नंबर आठवणार नाही कदाचित, पण पुलावर ती कधी बंद पडली, ते नक्की आठवेल.

तेव्हा ज्यांच्या घरी अशी गाडी आहे, त्यांनी निदान एवढं करावं. गाडीला रंग देण्याआधी चासी नंबर, इंजिन नंबर आणि प्लेट यांचे स्पष्ट फोटो काढावेत. जुनी प्लेट, काढलेले दिवे, फुटकी काच भंगारात देऊ नये. आरसी बुकाचं प्रत्येक पान, कोरं असलं तरी, फोटोत घ्यावं. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ बसून गाडी कोणत्या साली, कोणाकडून, कितीला आली, कोण चालवायचं, हे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावं आणि खाली तारीख घालावी. मालकाच्या वारसांशी आजच बोलावं. आज तिघांच्या सह्या लागतात, आणखी पंधरा वर्षांनी अकरा जणांच्या लागतील. आणि ज्यांच्या घरी गाडी नाही, पण वडील-आजोबांच्या गॅरेजच्या, पेट्रोल पंपाच्या, स्पेअर पार्टच्या दुकानाच्या वह्या माळ्यावर पडलेल्या आहेत, त्यांनी त्या रद्दीत घालण्याआधी एकदा उघडून पाहाव्यात. कोणाच्या तरी मोटारीचं हरवलेलं पान त्यांत असू शकतं.